नवीन बांधलेलं टर्बो डिझेल ऑइल सोडतंय आणि घाटात तापतंय, मदत हवी आहे

मंडळी, जुन्या जीपचं २.५ लिटर टर्बो डिझेल फुल बांधून घेतलंय, लायनर पिस्टन रिंगा बेअरिंग सगळं नवीन, हेड फेसिंग केलं, टर्बोची काट्रिज पण बदलली. सपाट रोडला टेंपरेचरचा काटा एकदम जागेवर, पण खंबाटकी घाट चढायला लागलं की वर सरकतो आणि वर पोचून बोनेट उघडावं तर टर्बोच्या खालून ऑइल ओघळलेलं, शिवाय बेल हाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्समधलं कव्हर) खालच्या भोकातून पण थेंब थेंब.

मिस्त्री म्हणतात टर्बोच खराब आलाय, मागचा क्रँक सील पण बदलू. मला पटत नाहीये, कारण ऑइल फिलरचं झाकण सैल केलं की ते नुसतं उडतंय, म्हणजे आत प्रेशर साठतंय. ब्रीदर (इंजिनच्या आतला गॅस बाहेर सोडणारी नळी) चोक असेल तर ऑइल सीलमधून बाहेर येणारच ना, आणि टर्बोची रिटर्न लाइन तर नुसत्या उतारावर चालते, तिथे पॅकिंगला लावलेला सिलिकॉन आत फुगून बसला असेल तरी हेच होणार. का रिंगा अजून बसल्या नाहीत म्हणून ब्लो-बाय (रिंगांच्या कडेने खाली निसटणारा गॅस) जास्त?

तापण्याचं वेगळं कोडं आहे. थर्मोस्टॅट गरम पाण्यात टाकून बघितला, ८२ ला उघडतो. पाण्यात ऑइल नाही, ऑइलमध्ये पाणी नाही, पण सकाळी थंड इंजिनलाही रेडिएटरचा वरचा होजपाइप कडक लागतो, म्हणजे प्रेशर रात्रभर उतरत नाही, आणि हेच मला खटकतंय. एअर लॉक (पाण्यात अडकलेली हवा), फॅनचा क्लच, की हेड गास्केट? क्रँक सीलसाठी गिअरबॉक्स उतरवायच्या आधी कुठली टेस्ट करू ते प्लीज सांगा.