निवेदन कुणाच्या नावानं?
(सोसायटी ग्रुप, विश्रामबाग, सांगली)

सेक्रेटरी: कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या वाढीव उंचीला विरोध करणाऱ्या निवेदनाचा मसुदा वर टाकलाय. ‘प्रति, महामहिम राष्ट्रपती, राष्ट्रपती भवन, नवी दिल्ली’ असं केलंय. बदल असतील तर आज रात्रीपर्यंत कळवा.

बी-१०४: रबर स्टॅम्पला पत्र लिहून काय उपयोग ओ? टपालखर्च वाया.

डी-३०१ (आण्णा, मंत्रालयातून निवृत्त): स्टॅम्पचं नंतर बघू, आधी निवेदनाचं सांगतो. राष्ट्रपती सचिवालयाकडं टपालानं पाठवा नाहीतर त्यांच्या ऑनलाइन हेल्पलाइनवर टाका. तिथं नोंदणी क्रमांक मिळतो आणि अर्ज संबंधित मंत्रालयाकडं किंवा राज्य सरकारकडं ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ रवाना होतो. तिथं निर्णय होत नाही, वाटप होतं. आपला विषय जलशक्ती मंत्रालयात जाणार, आणि तिथं कुठल्या टेबलावर गेला हे कळलं नाही की पाठपुरावा संपला. म्हणून मूळ निवेदन थेट जलशक्ती मंत्रालयाला, जिल्हाधिकाऱ्यांमार्फत, पोच घेऊन. राष्ट्रपतींना फक्त प्रत. एका कागदात एकच मागणी ठेवा. पूररेषा, पंचनामे, अलमट्टी सगळं एकत्र घातलं की फाइल तीन खात्यांत फिरते आणि उत्तर कुणीच देत नाही. आणि ‘महामहिम’ काढा, २०१२ मध्येच राष्ट्रपती भवनानं ते बंद केलंय. ‘माननीय’ पुरे.

ए-२०३ (वकीलकाका): आण्णांशी सहमत. एक भर घालतो. कृष्णेच्या पाणीवाटपाचा दुसरा लवाद, म्हणजे कृष्णा लवाद-२, यानं अलमट्टीची पातळी ५१९.६ वरून ५२४.२५६ मीटर करायला परवानगी दिली. पण आंतरराज्य नदी जलविवाद कायदा, १९५६ प्रमाणे तो निवाडा केंद्र सरकारनं राजपत्रात छापावा लागतो आणि ते सुप्रीम कोर्टाच्या २०११ च्या आदेशामुळं अडलंय. आता गंमत बघा. जनरल क्लॉजेस ॲक्ट, १८९७ उघडलात तर ‘केंद्र सरकार’ म्हणजे कोण? राष्ट्रपती! म्हणजे कागदावर सगळं त्यांच्याच नावानं.

बी-१०४: आणि प्रत्यक्षात शून्य. तेच म्हणतोय की मी.

डी-३०१ (आण्णा): राज्याचा कुठलाही जीआर काढा. तळाला ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ आणि खाली सही अवर सचिवाची नाहीतर उपसचिवाची. राज्यपालांनी तो कागद बघितलेलाही नसतो. दिल्लीत कलम ७७ नुसार हेच राष्ट्रपतींच्या नावानं चालतं. त्यात फसवणूक काही नाही. सरकारं बदलली तरी आदेश, करार, नेमणुका एकाच सलग नावावर राहतात.

ए-२०३ (वकीलकाका): शून्य नाही बरं का. क्रम असा आहे. कलम ५३ नं कार्यकारी सत्ता राष्ट्रपतींकडं दिली, कलम ७४ नं ती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याला बांधली. मूळ घटनेत सल्ला बंधनकारक असं स्पष्ट लिहिलेलं नव्हतं. १९७४ मध्ये समशेर सिंग खटल्यात सात न्यायाधीशांनी सांगितलं की राष्ट्रपती हे नामधारी प्रमुख, सल्ल्यानंच वागायचं. १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीनं ते घटनेतच घातलं. मग १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीनं एक फट ठेवली. राष्ट्रपती सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवू शकतात. पुन्हा तोच आला की सही करावीच लागते.

सी-४०२: एकदाच परत पाठवता येत असेल तर त्यात दम काय राहिला काका?

सी-१०३ (ताई, राज्यशास्त्र): दम ‘परत आलं’ या बातमीत आहे. १९९७ मध्ये उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावायची शिफारस गुजराल सरकारनं केली, राष्ट्रपती के. आर. नारायणन यांनी ती परत पाठवली, सरकारनं विषय सोडला. १९९८ मध्ये बिहारबाबत वाजपेयी सरकारची शिफारसही त्यांनी परत केली. सरकारनं १९९९ मध्ये पुन्हा पाठवली, तेव्हा सही झाली. पण राज्यसभेत आकडे जमेनात, म्हणून महिन्याभरात राजवट मागं घ्यावी लागली. म्हणजे परत पाठवताना जी शंका होती ती संसदेत खरी ठरली.

उलट उदाहरण १९७५ चं. २५ जूनला रात्री आणीबाणीच्या घोषणेवर फखरुद्दीन अली अहमद यांनी सही केली, मंत्रिमंडळाची बैठक झाली दुसऱ्या दिवशी सकाळी. ‘मंत्रिमंडळाचा ठराव कुठं आहे’ एवढा एक प्रश्न त्या रात्री विचारायला हवा होता, असं माझं मत. आता तो प्रश्न घटनेतच आहे. ४४ व्या दुरुस्तीनंतर मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय आल्याशिवाय ती घोषणा काढता येत नाही.

बी-४०१: मग २०१९ ला आपल्याकडं पहाटे काय झालं? तेव्हा कुठं होतं मंत्रिमंडळ?

डी-३०१ (आण्णा): बरोबर जागी बोट ठेवलंत. १२ नोव्हेंबर २०१९ ला राष्ट्रपती राजवट लागली आणि २३ नोव्हेंबरला पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी उठली. राजवट उठवायलाही मंत्रिमंडळाची शिफारस लागते. पण केंद्र सरकारच्या कामकाज नियम, १९६१ मधला नियम १२ पंतप्रधानांना तातडीच्या वेळी नियमांतून सूट घ्यायची मुभा देतो. तोच वापरला, मंत्रिमंडळाची मंजुरी नंतर घेतली. लावलेली राजवट दोन महिन्यांत दोन्ही सभागृहांकडून मंजूर करून घ्यावी लागते. उठवायला संसदेकडं जावं लागत नाही, म्हणून काही तासांत आटोपलं.

बी-४०१: म्हणजे नियमात बसवलं.

डी-३०१ (आण्णा): नियमात बसलं. शोभलं का, ते ज्यानं त्यानं ठरवावं. फेरविचाराला पाठवायचं तर राष्ट्रपतींच्या हातात सकाळ होईपर्यंतचा वेळ होता, एवढंच म्हणतो.

सेक्रेटरी: कृपया पक्षीय चर्चा नको.

ए-२०३ (वकीलकाका): पक्षीय नाही हो, वेळेचाच मुद्दा आहे. विधेयकांचं बघा. कलम १११ म्हणतं, परत पाठवायचं तर ‘शक्य तितक्या लवकर’. दिवस दिलेले नाहीत. १९८६ चं टपाल दुरुस्ती विधेयक, लोकांची पत्रं अडवायचे अधिकार वाढवणारं, दोन्ही सभागृहांनी मंजूर केलं होतं. राष्ट्रपती झैलसिंग यांनी सहीही केली नाही आणि परतही पाठवलं नाही. नुसतं ठेवून दिलं. पुढं वेंकटरमण यांनी १९९० मध्ये ते परत पाठवलं आणि त्याचा कायदा कधीच झाला नाही. कलाम यांनी २००६ मध्ये लाभाच्या पदाचं (काही सरकारी पदं घेतली तरी खासदारकी जाऊ नये असं) विधेयक परत पाठवलं. संसदेनं जसंच्या तसं पुन्हा मंजूर केलं, मग त्यांना सही करावी लागली. धन विधेयक मात्र परत पाठवता येत नाही आणि घटनादुरुस्तीला १९७१ पासून संमती द्यावीच लागते.

सी-४०२: बसून राहण्यावर कोर्ट काही करत नाही?

ए-२०३ (वकीलकाका): राज्यपालांनी राष्ट्रपतींसाठी राखून ठेवलेल्या विधेयकांवर तीन महिन्यांची मुदत एप्रिल २०२५ मध्ये दोन न्यायाधीशांनी घातली होती. मग राष्ट्रपतींनीच कलम १४३ खाली सुप्रीम कोर्टाचं मत मागवलं आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये घटनापीठानं सांगितलं की कोर्टाला अशी मुदत घालता येत नाही.

सी-१०३ (ताई): पण राष्ट्रपतींचं खरं काम दिसतं ते लोकसभेत कुणालाच बहुमत नसताना. कारण तेव्हा सल्ला द्यायला भरवशाचं मंत्रिमंडळच नसतं. आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. जुलै १९७९, पंतप्रधान मोरारजींचा राजीनामा. राष्ट्रपती नीलम संजीव रेड्डींनी सरकार बनवायला आधी बोलावलं ते विरोधी पक्षनेते यशवंतराव चव्हाणांना, म्हणजे आपल्या देवराष्ट्र्याच्या माणसाला! त्यांना जुळवता आलं नाही. मग चरणसिंग पंतप्रधान आणि यशवंतराव उपपंतप्रधान. चरणसिंगांनी लोकसभेला सामोरं न जाताच ऑगस्टमध्ये राजीनामा दिला, विसर्जनाचा सल्ला दिला आणि रेड्डींनी तो मानला. बहुमत कधीच सिद्ध न केलेल्या पंतप्रधानाचा सल्ला मानायचा का, यावर अजून वाद आहे. मला विचाराल तर जनता पक्षाचे नेते जगजीवनराम यांना एक संधी द्यायला हवी होती.

त्यानंतर प्रत्येकानं वेगळी रीत वापरली. वेंकटरमण यांनी १९८९ मध्ये सर्वांत मोठ्या पक्षाला विचारलं, राजीव गांधी नको म्हणाले, मग व्ही. पी. सिंग. शंकरदयाळ शर्मांनी १९९६ मध्ये तीच रीत वापरली आणि वाजपेयींचं सरकार १३ दिवसांत पडलं. १९९८ ला नारायणन यांनी आधी पाठिंब्याची लेखी पत्रं मागितली. ही रीत मला जास्त शहाणपणाची वाटते, कारण बेरीज शपथविधीच्या आधी कागदावर येते.

सी-४०२: बाहेरच्या देशांत?

सी-१०३ (ताई): जर्मनीत हा प्रसंग घटनेतच लिहून ठेवलाय. चॅन्सेलरला पूर्ण बहुमत मिळालं नाही तर अध्यक्षांनी सात दिवसांत नेमायचं किंवा सभागृह बरखास्त करायचं. आयर्लंडचे अध्यक्ष विधेयक थेट सुप्रीम कोर्टाकडं तपासायला पाठवू शकतात. इटलीत २०१८ मध्ये अध्यक्ष मातारेल्ला यांनी अर्थमंत्र्याचं नावच नाकारलं होतं. आपल्याकडं मंत्र्यांची यादी नाकारायची पद्धत नाही.

बी-१०४: बरं, पटलं अर्धं. पण आयर्लंडसारखी लोकांनी थेट निवड का नको?

ए-२०३ (वकीलकाका): साऱ्या देशातून निवडून आलेला माणूस पंतप्रधानाचं ऐकेल कशाला? म्हणून मतदार कोण, तर निवडून आलेले खासदार आणि आमदार. आमदाराच्या मताचं मूल्य काढायला १९७१ ची लोकसंख्या भागिले आमदारसंख्या, पुन्हा भागिले १०००. महाराष्ट्र: ५,०४,१२,२३५ भागिले २८८, पुन्हा भागिले १०००, म्हणजे १७५. उत्तर प्रदेशात २०८, सिक्कीममध्ये ७. खासदाराचं मूल्य २०२२ ला ७०० होतं. पक्षादेश चालत नाही, मतदान गुप्त असतं.

सेक्रेटरी: ठीक. ‘प्रति’ मध्ये जलशक्ती मंत्री, प्रत राष्ट्रपती सचिवालय आणि जिल्हाधिकारी. नवा मसुदा तासाभरात टाकतो.

बी-४०१: म्हणजे सांगली जिल्ह्याचे आठ आमदार, गुणिले १७५, चौदाशे मतं. खासदाराची वेगळी. आणि विधान परिषदेचे?

ए-२०३ (वकीलकाका): त्यांना मत नाही. राज्यसभेच्या नामनियुक्त बारांनाही नाही.