बहिणाबाई, केनियातले जाणते आणि कुलपातले लेख

गिरणाकाठची:
मंडळी, जरा सविस्तर लिहिते, दोन महिने हे मनात घोळतंय.

मी तालुक्याच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर तत्त्वज्ञान शिकवते. सध्या बहिणाबाई चौधरी आणि केनियातली गावोगावची जाणती माणसं, असा तुलनेचा लेख लिहितेय. नैरोबी विद्यापीठातले हेन्री ओडेरा ओरुका 1970 च्या दशकात खेडोपाडी गेले. म्हाताऱ्याकोताऱ्यांना देव, मरण, न्याय यांबद्दल थेट प्रश्न विचारले आणि उत्तरं टिपून घेतली. आफ्रिकेत रूढी आहेत, तत्त्वज्ञान नाही, असं म्हणणाऱ्या पंडितांना ते उत्तर होतं. त्यांनी एक फरकही केला. काहींना परंपरा नुसती तोंडपाठ असते, काही जण तिलाच जाब विचारतात. ओरुकांच्या लेखी तत्त्वज्ञ हे दुसरे.

आता आसोद्याच्या बहिणाबाई यात कुठे बसतात? अक्षरओळख नाही, ओव्या रचल्या त्या जात्यावर आणि शेतात. पण वैधव्य आलेली ही बाई ज्योतिष्याला सांगते, माझ्या दारी येऊ नको, माझं दैव मला कळतं. हे पाठांतर नाही, हा सरळ युक्तिवाद आहे. आणि ओरुकांच्या पद्धतीत समोर प्रश्न विचारणारा प्राध्यापक लागतो. बहिणाबाईंना कुणी विचारलंच नव्हतं, प्रश्नही त्यांचेच. म्हणजे केनियाच्या अभ्यासकांना सांगण्यासारखं काहीतरी खानदेशाकडे आहे, असं मला मनापासून वाटतं.

अडलंय ते पुढे. या विषयावरचे तीन लेख हवे होते. मोबाईलवर पहिलं पान दिसतं, खाली लेखामागे चाळीस डॉलर. माझा लेख एका परदेशी नियतकालिकाने तत्त्वतः स्वीकारला, पण तो सगळ्यांना मोफत वाचता यावा म्हणून लेखिकेकडून 2800 डॉलर मागितले. माझी वर्षाची कमाई त्याच्याच आसपास आहे. न भरले तर लेख कुलपात.

लेखासाठी मी पारोळ्याकडच्या एका आजीच्या जात्यावरच्या ओव्याही ध्वनिमुद्रित केल्या. तिने विचारलं, "हाई पुस्तकमा जाई का? मंग माले वाची दखाडशी ना?" मी हो म्हटलं.

माझं म्हणणं एवढंच: एका खंडातल्या लोकांचं शहाणपण दुसऱ्या खंडातल्यांशेजारी ठेवणारं लेखन त्या दोन्ही खंडांतल्या लोकांना फुकट वाचता आलं पाहिजे, आणि छापण्यासाठी लेखकाच्या खिशात हात घालता कामा नये. तुम्हाला काय वाटतं?

पांझरा (धुळे):
ताई, तुमची तळमळ पोचली. पण मी विरुद्ध बाजूने बोलणार आहे.

मी महाविद्यालयाच्या संशोधन समितीवर आठ वर्षं काढली. "ओपन ॲक्सेस", म्हणजे वाचकाला लेख मोफत, या नावाखाली माझ्यासमोर काय आलं ते सांगतो. दीड हजार रुपये भरा, तीन दिवसांत लेख छापून मिळेल, सोबत प्रमाणपत्र. एका फाईलमध्ये लेखाच्या शीर्षकातच चूक होती आणि तो तसाच छापला होता. कुणी वाचलाच नव्हता. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, 2018 मध्ये मान्य नियतकालिकांच्या स्वतःच्या यादीतून 4,305 नियतकालिकं काढली, मग दर्जेदार नियतकालिकांची केअर यादी आणली, आणि फेब्रुवारी 2025 मध्ये तीही बंद केली. आता आमच्यासारख्यांनी कशाच्या आधारावर ठरवायचं? नावाजलेलं बंद नियतकालिक, म्हणजे पैसे भरूनच वाचता येणारं, निदान तज्ज्ञांना लेख वाचायला लावतं. मला एकदा सहा पानी शेरे आले होते. राग आला, पण लेख सुधारला.

शिवाय संस्थांना नियतकालिकं वाचायला देणारी सरकारची "वन नेशन वन सबस्क्रिप्शन" योजना आहेच की. तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी, जवळजवळ तेरा हजार नियतकालिकं. मग वाचायला अडचण कुठे राहिली?

गिरणाकाठची:
सर, ती योजना केंद्र आणि राज्य सरकारच्या व्यवस्थापनाखालच्या संस्थांसाठी आहे. आपल्या भागातली बहुतेक कॉलेजं खाजगी शिक्षण मंडळांची. आणि आजी कुठल्या संस्थेत आहे?

दीड हजारवाल्यांबद्दल मी तुमच्याच बाजूची आहे. पण ते लेखकाकडून पैसे घेतात म्हणून बिघडलेत, वाचकाला मोकळं आहे म्हणून नाही. ते सहा पानी शेरे लिहिणाऱ्याला त्या प्रकाशकाने किती दिले असतील? बहुधा काही नाही. समीक्षक तिथेही फुकटच राबतात. राबणार फुकटच, तर मग मोकळ्या जागेसाठी का राबू नये? ब्राझीलमध्ये 1998 पासून साएलो हा मोफत नियतकालिकांचा ऑनलाइन संग्रह चालतो, सरकारी पैशावर. तिथल्या अनेक नियतकालिकांत लेखक आणि वाचक दोघांनाही खर्च नाही. लुसाकाला 1987 मध्ये सुरू झालेलं आफ्रिकी तत्त्वज्ञानाचं "क्वेस्ट" आज नेटवर मोफत वाचता येतं.

केळीपट्टा (रावेर):
"क्वेस्ट" इंग्रजी आणि फ्रेंचमध्ये निघायचं ना? मग लुसाकाच्या बाजारात भाजी विकणाऱ्या बाईला त्याचा काय उपयोग? कुलूप पैशाचं आहे तसं भाषेचंही आहे. हे दुसरं कुलूप काढायला कुणी पुढे येत नाही.

जुना वाचक (अमळनेर):
अमळनेरचं नाव निघाल्याशिवाय हा विषय पुरा व्हायचा नाही.

1916 मध्ये श्रीमंत प्रताप शेठांनी आमच्या गावात तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं. गिरणीचा पैसा आणि वेदांताचा ध्यास. साने गुरुजी आधी इथे शिकायला आले, शाळेत मास्तर झाले ते नंतर. 1930 च्या दशकात कृष्णचंद्र भट्टाचार्य इथे संचालक होते, तेच ज्यांनी "विचारांतलं स्वराज्य" ही कल्पना मांडली. परक्यांचे विचार घ्यावेत, पण आपल्या विचारांशी ताडून घ्यावेत, नुसते अंगावर चढवू नयेत, असा त्यांचा रोख. ताई, तुम्ही करताय ते हेच. इथून इंग्रजी त्रैमासिक निघायचं, संपादक घनश्यामदास मलकानी. त्यात कांट आणि शंकराचार्य एकाच अंकात भेटत. एका ओळखीच्या घरी त्याचे बांधीव खंड मी हाताळलेत. कागद पिवळा, कडा चुरचुरणाऱ्या, पण मांडणी अशी नेटकी की आजच्या छपाईला लाज वाटावी.

मी दोन्ही बाजूंनी बोलतो. ते मोठं झालं कारण कुणीतरी पैसा घातला. फुकट काही नव्हतं. पुढे ते थांबलं. 1973 पासून पुण्याच्या तत्त्वज्ञान विभागातून "इंडियन फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली" म्हणून नवी मालिका निघाली आणि तिचे जुने अंक विद्यापीठाने नेटवर मोफत ठेवले. मी सत्तरी ओलांडल्यावर ते फोनवर वाचले. पण केळीपट्टा म्हणतात तेही खरं शे, भाऊ. गिरणीचा कामगार ते त्रैमासिक वाचू शकत नव्हता, आणि पैसा त्याच्याच घामाचा.

सातपुडा (धडगाव):
सगळे "मोकळं करा" म्हणताहेत, म्हणून मला थांबवावंसं वाटतं.

बारा वर्षांपूर्वी एक अभ्यासक आमच्या पाड्यावर आले होते. चांगला माणूस, आमच्यातच जेवायचे. माझ्या काकाने त्यांना मुलगा गेल्यानंतरचं बोलणं सांगितलं: माणूस गेल्यावर कुठे जातो, आपण त्याला काय देणं लागतो. रडत रडत सांगितलं. ते आज नावासकट, गावासकट नेटवर आहे. कुणीही उतरवून घ्यावं. क्रिएटिव्ह कॉमन्सचा सगळ्यात मोकळा परवाना आहे, म्हणजे श्रेय दिलं की विकलं तरी चालतं. काकाला यातलं काही विचारलं नव्हतं. त्याने समोर बसलेल्या माणसाला सांगितलं होतं, जगाला नाही.

गिरणाकाठची अक्का, वाचकाचा हक्क तुम्ही मांडलात, बोलणाऱ्याचा मांडला नाहीत. कुलूप असेल तर माझा काका निदान चाळीस डॉलरच्या आड सुरक्षित होता, असं म्हणायची वेळ आमच्यावर का यावी?

गिरणाकाठची:
दादा, तुमचं वाचून रात्री उठून बसले. आजीने "पुस्तकात जाईल का" विचारलं होतं, "नेटवर जाईल का" नाही. मी दोन्ही एकच धरलं. तिच्याकडे पुन्हा जाते आणि तिच्या भाषेत विचारते.

पण चाळीस डॉलरचं कुलूप बोलणाऱ्याचं रक्षण करत नाही. पैसेवाल्या परक्याला ते उघडतं आणि काकाच्या पोरांना बंद राहतं. रक्षण परवान्याने होतं. व्यापारी वापर नको, बदल नको, असे परवाने आहेत. ध्वनिमुद्रण गावातच ठेवून फक्त विवेचन मोकळं करता येतं. आणि ओरुकांनी त्या म्हाताऱ्यांची नावं छापली, त्यांना "माहिती देणारे" न म्हणता विचारवंत म्हटलं. नाव लावणं हाही सन्मानच, पण विचारून. सोपानदेवांनी आईच्या ओव्या लिहून घेतल्या नसत्या तर आज आपण कुणाबद्दल बोललो असतो?

केळीपट्टा (रावेर):
एक कामाची गोष्ट. मी ग्रंथालयात आहे. बरेच बंद प्रकाशकसुद्धा स्वीकारलेला मसुदा, म्हणजे त्यांच्या मांडणीआधीची प्रत, काही महिन्यांनी विद्यापीठाच्या ऑनलाइन भांडारात मोफत ठेवू देतात. संशोधन सगळ्यांना मोफत वाचता यावं म्हणून केलेल्या 2002 च्या बुडापेस्ट घोषणेत हा मार्ग पहिलाच सांगितलाय. 2800 डॉलर भरू नका. करार नीट वाचा आणि त्यासोबत मराठी प्रतही ठेवायची परवानगी मागून घ्या.

पांझरा (धुळे):
हा मार्ग मला पटतो. मोफत वाचनाला माझा विरोध नव्हता, न वाचता छापण्याला होता. ताई, मात्र बंद नियतकालिक सोडून कुठल्या नवख्या मोकळ्या अंकाकडे जाऊ नका. कायमच्या जागेची मुलाखत होईल तेव्हा समोर बसलेले लोक नियतकालिकाचं नाव बघतील, लेख नाही. मी त्या खुर्चीत बसलोय.

गिरणाकाठची:
सर, तसं बघितलं जाऊ नये असं मला वाटतं, आणि तिथे तुमचं-माझं जुळणार नाही. पण मसुदा तुम्हाला पाठवते. सहा पानं शेरे लिहा, कितीही कडक.

रविवारी पारोळ्याला जातेय. ओव्यांचा भाग अहिराणीत लिहून काढलाय, मोठ्या अक्षरात, नातीला वाचता यावा म्हणून. सातपुडा दादा, परवान्याबद्दल तिला काय काय विचारायचं, ते तुम्ही सांगाल का?

सातपुडा (धडगाव):
सांगतो. पहिला प्रश्न: ही ओवी कुणाकडून शिकलीस? तिच्या आईची असेल तर आईचंही नाव लागायला हवं.