मदत हवी आहे: वहिनींच्या बीआरसीए रिपोर्टमध्ये 'व्हीयूएस' आलंय

सांगलीवाडी: वहिनींचं वय ४१, स्तनाचा कॅन्सर, ऑपरेशन आणि केमो मिरजेत पूर्ण. रक्ताच्या जनुकीय तपासणीत बीआरसीए२ मध्ये (स्तन आणि अंडाशयाच्या कॅन्सरशी निगडित जनुक) 'व्हीयूएस' आलंय. पाहुणे म्हणतात, दोष निघालाच आहे तर अंडाशय काढून टाका, पुतणीचीही (१९) तपासणी करा. वहिनींना झोप नाही, मोबाईलवर शोधत बसतात. काय करावं?

कृष्णाकाठ: व्हीयूएस म्हणजे दोष नव्हे. बदल दिसला, पण तो घातक की निरुपद्रवी हे ठरवायला पुरावा अपुरा. 'बहुधा रोगकारक' म्हणायलाच ९० टक्क्यांहून जास्त खात्री लागते. पुढे वर्गवारी बदलते तेव्हा बहुतेक व्हीयूएस निरुपद्रवी ठरतात. आपल्याकडे ते जास्त निघतात, कारण तुलनेचा माहितीसाठा मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांचा. नुसत्या व्हीयूएसवर अंडाशय काढत नाहीत, ओलापॅरिब हे कॅन्सरचं औषधही देत नाहीत. मोबाईलवर 'बीआरसीए२' टाकलं की रोगकारक बदलांचीच माहिती येते, ती वहिनींची नाही. हे त्यांना आधी सांगा.

पुतणीत तो बदल सापडला काय, न सापडला काय, बोध शून्य. पण आईला कॅन्सर ४१व्या वर्षी झालाय म्हणून तिची स्तनतपासणी साधारण दहा वर्षं आधी, तिशीच्या आसपास सुरू करायचं डॉक्टरांशी बोलून ठेवा.

मिरज जंक्शन: रिपोर्टमधली 'सी.' आणि 'पी.' ने सुरू होणारी ओळ (बदलाचं नेमकं नाव), एनएम क्रमांक (तुलनेला धरलेल्या संदर्भ-प्रतीचा), तारीख, सगळं झेरॉक्स करून फायलीत. वर्ष-दोन वर्षांनी लॅबला विचारा, वर्गवारी बदलली का? बदलली तर लॅब बहुधा डॉक्टरांना कळवते, घरी नाही. तोवर डॉक्टर बदललेले असले की निरोप तिथेच अडकतो. आणखी एक, एमएलपीए ही वेगळी चाचणी झालीय का बघा. जनुकाचा मोठा तुकडाच गळालेला असेल तर साध्या वाचनात तो निसटू शकतो.

समुपदेशनाला टाटा मेमोरियलचं कॅन्सर जेनेटिक्स क्लिनिक आहे. महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्री निघालात की सकाळी मुंबई. जाताना वहिनींच्या माहेरची तीन पिढ्यांची यादी न्या, आईकडची आणि वडिलांकडचीही. कोणता कॅन्सर, कितव्या वर्षी.

सांगलीवाडी: कॅन्सर कोणालाच नाही. वहिनींच्या आजीला 'पोटात पाणी झालं' एवढंच ऐकलंय.

कृष्णाकाठ: तेच खोदून काढा. पोटात पाणी लिव्हरने होतं, टीबीने होतं, अंडाशयाच्या कॅन्सरनेही होतं. वय किती होतं, जुना कागद उरलाय का? आणि आजी आईची आई की वडिलांची?

सांगलीवाडी: वडिलांची. आत्याला फोन लावतो.