ईव्ह म्यूरहेडची कारकीर्द मुलांना कशी समजावावी? (२०१८ चा शेवटचा दगड, २०२२ चं सुवर्ण)

सड्यावरचा_वाचक (रत्नागिरी)
नमस्कार मंडळी. आमच्या वाचनालयात आठवी-नववीच्या मुलांसमोर एका खेळाडूच्या कारकिर्दीवर तासभर बोलायचं आहे. या वेळी स्कॉटलंडची कर्लिंगपटू (कर्लिंग म्हणजे बर्फावर जड दगड सरकवून नेम साधायचा खेळ) ईव्ह म्यूरहेड निवडली आहे. मुलं सगळी कॅरम खेळणारी, त्यामुळे नेम आणि कट वेगळे शिकवायला नकोत. पदकांची यादी जमली, पण नुसत्या यादीतून काही उभं राहत नाही. २०१८ च्या ऑलिंपिकमधल्या ब्राँझच्या सामन्यात शेवटचा दगड तिच्याच हातात होता, मग ती हरली कशी? चार वर्षांनी ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात तोच जपान समोर असताना निकाल १०-३ इतका एकतर्फी कसा लागला? आणि दगड म्हणून जांभ्याचा तुकडा दाखवला तर चालेल का? जाणकारांनी सांगावं.

खाडीपलीकडे
सगळ्यात आधी 'हॅमर' समजावा, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. एका एंडमध्ये, म्हणजे सामन्याच्या एका फेरीत, दोन्ही संघांचे आठ-आठ, म्हणजे सोळा दगड सुटतात. गुण एकाच संघाला मिळतात: समोरच्याच्या सर्वांत जवळच्या दगडापेक्षा तुमचे जितके दगड बर्फावर आखलेल्या वर्तुळाच्या ('घरा'च्या) केंद्राला जवळ, तितके गुण. शेवटचा दगड ज्याचा, त्याच्याकडे हॅमर. ज्याने गुण घेतले त्याचा हॅमर पुढच्या एंडला समोरच्याकडे जातो. कुणालाच गुण मिळाला नाही, तर हॅमर जिथे होता तिथेच राहतो. म्हणून हॅमर असताना एकच गुण घेणं हे अर्धं नुकसान असतं. दोन घ्यायचे, नाहीतर एंड कोरा सोडायचा. आणि हॅमर तुमचा असून गुण समोरच्याने नेला, की ती झाली 'स्टील'.

आता २०१८, प्योंगचांग. आठ एंडनंतर ३-३. नवव्यात जपानने एक घेतला, ४-३. शेवटच्या, दहाव्यात हॅमर ब्रिटनकडे (ऑलिंपिकला ईव्ह ग्रेट ब्रिटनकडून खेळायची). एक गुण घेऊन सामना जादा एंडला न्यायचा, की दोन घेऊन तिथेच संपवायचा? ईव्ह दोनसाठी गेली. टक्कर झाली, पण दगडांचे कोन हवे तसे निघाले नाहीत आणि जपानचाच दगड केंद्राजवळ सरकला. जपानला स्टील, ५-३. मुलांना हा एंड फळ्यावर काढून दाखवा आणि उत्तर सांगण्याआधी त्यांनाच विचारा की एक की दोन. माझ्या मते निर्णय चुकीचा नव्हता. समोर सातसुकी फुजिसावासारखी कर्णधार असताना, जादा एंडला हॅमर तिच्या हाती देऊन तिला रोखणंही सोपं नव्हतं.

कॅरमच्या मुलांना एक फरक मात्र ठासून सांगा. स्ट्रायकर सरळ जातो, इथे दगड वळतो. सोडताना दगडावरच्या दांड्याला हलका पीळ देतात, सगळ्या प्रवासात दगड साधारण अडीच-तीन फेरे घेतो. घड्याळाच्या दिशेने फिरवला तर उजवीकडे वळतो. पीळ फार कमी पडला की तो कुठे वळेल याचा भरवसा राहत नाही. दगडापुढच्या बर्फावर ब्रश घासला की दगड लांब जातो आणि कमी वळतो.

वेंगुर्ला_बंदर
२०२२ समजायला २०२१ पासून सुरुवात करावी लागेल. २०१८ नंतर ईव्हच्या कमरेच्या सांध्यावर शस्त्रक्रिया झाली. कर्लिंगमध्ये एक पाय पूर्ण दुमडून बर्फावर घसरत जातात, सगळा ताण त्या सांध्यावर. मग २०२१ च्या कॅल्गरी जागतिक स्पर्धेत स्कॉटलंड आठवा. ऑलिंपिकचं थेट तिकीट पहिल्या सहांनाच होतं. मला तिच्या कारकिर्दीतलं खरं वळण इथे दिसतं, पदकांत नाही. ठरलेला संघ मोडून नऊ जणींचा गट केला आणि जोड्या बदलून बदलून खेळवल्या. त्यातून व्हिकी राइट, जेनिफर डॉड्स, हेली डफ आणि राखीव मिली स्मिथ असा संघ निघाला. नोव्हेंबर २०२१ ला लिलेहॅमरमध्ये युरोपियन सुवर्ण, डिसेंबरला लीवार्डनच्या पात्रता स्पर्धेतून बीजिंगचा प्रवेश.

बीजिंगमध्ये साखळीत पाच विजय, चार पराभव. ब्रिटन, जपान आणि कॅनडा तिघेही ५-४. अशा वेळी सामन्याआधीचे दगड कामी येतात. प्रत्येक लढतीपूर्वी हॅमर ठरवायला दोन दगड केंद्राकडे टाकतात, त्यांच्या अंतराची सरासरी काढतात. त्या सरासरीवर ब्रिटन आणि जपान आत, कॅनडा घरी. सेंटिमीटरचा हिशेब किती महाग पडतो, ते मुलांना यावरून कळेल.

उपांत्य फेरीत स्वीडनने पहिल्याच एंडला चार घेतले. तिथून सामना जादा एंडला गेला आणि ब्रिटन १२-११ ने जिंकलं. अंतिम सामन्याचे एंड मात्र लिहूनच दाखवा. ब्रिटन: २, ०, ०, १, १, ०, ४, ०, २. जपान: ०, १, ०, ०, ०, १, ०, १, ०. सातव्यातल्या चार गुणांनी ८-२ झालं. नवव्यानंतर जपानने हात मिळवले. 'एकतर्फी' म्हणता ते या एका एंडमुळे. सहा एंडपर्यंत ४-२ च होतं.

कातळ_आणि_करवंद (देवगड)
जांभा अजिबात नको. जांभ्याला छिद्रं, तो पाणी पितो. पाणी आत गोठलं की फुगतं आणि कण सुटतात. कर्लिंगचा दगड निवडतात तो याच्या उलट गुणासाठी. स्कॉटलंडमधल्या क्लाइडच्या आखातात एल्सा क्रेग नावाचं बेट आहे, जुन्या ज्वालामुखीच्या नळीत गोठलेला ग्रॅनाइट. तिथला 'ब्लू होन' फार बारीक कणांचा, पाणी जवळजवळ शोषत नाही, म्हणून बर्फावर घासणारा भाग त्याचा करतात. 'कॉमन ग्रीन' टक्कर सोसतो, तो अंगाला. बेट समुद्रपक्ष्यांचं अभयारण्य आहे, सुरुंग लावत नाहीत. आपल्या वेंगुर्ला रॉक्सवर पाकोळ्यांची घरटी आहेत, त्यामुळे मुलांना हे लगेच पटेल.

तळ सपाट नसतो. मध्ये खोलगट, बर्फाला टेकते ती फक्त एक अरुंद कडी. बर्फही गुळगुळीत नसतो, त्यावर पाण्याचे थेंब शिंपडून गोठवतात आणि दगड त्या दाण्यांवरून जातो.

दाखवायला सोपा मार्ग: वीस लिटरचा भरलेला पाण्याचा जार उचलायला द्या, दगडाची वजनमर्यादा १९.९६ किलो आहे. दगडाचा घेर दाखवायला दोरीने ९१ सेंटिमीटरचा घेर करा. अंगणात १.८३ मीटर दोरीने चुन्याचं वर्तुळ काढा, ते झालं घर. त्याच्या मध्यापासून ६.४० मीटरवर हॉग लाइनची आडवी रेघ मारा. अशी रेघ दोन्ही टोकांना असते, आणि टाकणाऱ्याने आपल्या बाजूच्या रेघेआधी दगड सोडायचा असतो. बर्फाची संपूर्ण पट्टी ४५.७२ मीटर लांब, तेवढी जागा मिळणं कठीण.

भाट्ये_किनारा
एक खबरदारी. जागतिक आणि युरोपियन स्पर्धांत ती स्कॉटलंडकडून खेळायची, ऑलिंपिकला ग्रेट ब्रिटनकडून. तक्त्यात हे दोन रकाने वेगळे ठेवा. जागतिक: २०१० रौप्य, २०१३ रीगा सुवर्ण, २०१७ ब्राँझ. युरोपियन सुवर्ण: २०११, २०१७, २०२१. ऑलिंपिक: २०१४ सोची ब्राँझ, २०२२ सुवर्ण. २०२२ लाच बॉबी लॅमीसोबत मिश्र दुहेरीचं जागतिक सुवर्ण, आणि ऑगस्टमध्ये निवृत्ती. ब्रिटनला कर्लिंगमध्ये महिलांचं आधीचं सुवर्ण २००२ चं, ऱ्होना मार्टिनच्या संघाचं.

सड्यावरचा_वाचक (रत्नागिरी)
मनापासून आभार, दुहेरी तक्ता करतो. एक उरलं: व्हिडिओत दगड टाकणारा हात उघडाच दिसतो. इतक्या थंडीत हातमोजा का नाही?

खाडीपलीकडे
दांड्यात सेन्सर असतो. जवळच्या हॉग लाइनआधी हात सुटला का, ते तो उघड्या कातडीच्या स्पर्शावरून ओळखतो, आणि रेषा कळावी म्हणून बर्फाखाली चुंबकीय पट्टी असते. वेळेत सोडला तर हिरवा दिवा, उशीर झाला तर लाल. हातमोजा असेल तर स्पर्श कळत नाही. २०१८ ला स्वीडनविरुद्ध ईव्हच्या एका दगडावर लाल लागला, दगड बाद झाला, सामनाही ६-८ ने गेला. अंगणात खेळवताना एका मुलाला हॉग लाइनवर बसवा, फक्त हात कधी सुटतो एवढंच बघायला.