बेंच प्रेसला पाठ पूर्ण टेकवायची की कमान ठेवायची? खांदा आणि कंबर दोन्ही धरलेत

शिरोलीकर:

नमस्कार मंडळी. वय ३८, वजन ७९ किलो, फाउंड्रीत सुपरवायझर आहे. चौदा महिने झाले जिमला जातोय. बेंच प्रेसला, म्हणजे बाकावर उताणं झोपून वजनाचा दांडा (बार) छातीवरून वर ढकलायला, ६० किलोचे आठ रेप (आवर्तनं) निघतात. ७० लावले की तिसऱ्या रेपला बार छातीवरच बसतो. चार महिने तिथंच अडकलोय.

पहिल्या दिवशी ट्रेनरनं सांगितलं, "पाय बाकावर घ्या, कंबर टेकवा, पाठीखाली फट दिसली नाही पाहिजे." मी तसंच करत आलो. आता बार छातीपासून चार बोटं वर असताना डाव्या खांद्यात पुढच्या बाजूला टाचणी टोचल्यासारखं होतं. दुसऱ्या दिवशी शर्टाच्या बाहीत हात घालताना, गाडीवर मागं बसलेल्या पोराला हात मागं करून धरताना परत तेच.

मागच्या महिन्यात जिममधल्या एका पोराचं बघून कमान करून बघितली. त्याच्या पाठीखालून पाण्याची बाटली आरपार जाते. मी कंबर उचलली, ७० चे चार निघाले आणि उठताना कंबरेत उसण भरली. तीन दिवस मोजे घालता येईनात. घरी आई म्हणते, बास झालं आता. पण मला सोडायचं नाही. नक्की पाठ कशी ठेवायची, कुणी नीट सांगेल का?

तालीमवाले काका, सांगली:

शिरोलीकर, सोडू नका. तुमचा प्रश्न चांगला आहे, आणि तुम्हाला मिळालेली दोन्ही उत्तरं अर्धी आहेत.

माझं वय ५६. तालमीत दंड-बैठकांवर वाढलो, बार हातात आला तो विशी उलटल्यावर. दंड मारताना आपण छाती पुढं काढून खालून वर येतो तेव्हा पाठ कशी असते ते आठवा. फळीसारखी कधीच नसते. माणसाच्या कंबरेला मुळातच आत वळण आहे. बाकावर झोपल्यावर ते दाबून सपाट करायचं म्हणजे ओटीपोट वर वळवायचं, बरगड्या खाली ओढायच्या आणि त्याबरोबर खांदे पुढं येतात. त्यात पाय बाकावर, म्हणजे खाली जोर घ्यायला जमीनच नाही. तुमचा डावा खांदा त्यामुळंच बोंबलतोय असं मला वाटतं.

आता कमानीचं. कमान कंबरेची नसते, ती खांद्याच्या पात्यांपासून सुरू होते. हे एकदा अंगात बसलं की बाकीचं सोपं आहे. आमचे वस्ताद बोटानं पाठीत टोचून म्हणायचे, "इथं सुपारी धर." अडकित्त्यात धरतो तशी, दोन पात्यांच्या मध्ये. पाती एकमेकांकडं ओढायची आणि तशीच कंबरेच्या दिशेनं खाली सरकवायची, कानाकडं नाही. हे केलं की छाती आपोआप वर येते आणि पाठीखाली जेवढी फट पडायची तेवढी पडते. तळहात सहज जावा, तुमच्यासाठी एवढं पुष्कळ. वजन पात्यांवर आणि मानेखालच्या मांसल भागावर बसलं पाहिजे. तो भाग बाकावर रुतल्यासारखा वाटला तर बरोबर. कंबरेत ताण आला तर तुम्ही कंबर मोडताय, छाती उचलत नाही. उसण त्यातूनच भरली.

पाय जमिनीवर, गुडघ्यांच्या किंचित मागं, टाचा टेकलेल्या. जोर वर नाही द्यायचा, नाहीतर बूड उचलतं. जमीन पुढं ढकलायची, म्हणजे अंग बाकावरून डोक्याकडं सरकायला बघतं आणि पाती आणखी घट्ट बसतात. स्पर्धेच्या बाकाची उंची ४२ ते ४५ सेंटीमीटर असते. आपल्या बऱ्याच जिममधले बाक त्याहून उंच भरतात. टाच टेकत नसेल तर पायाखाली दहा-दहाच्या प्लेटा ठेवा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आणि आता ज्याकडं कुणी बघत नाही ते. तुम्ही सगळं नीट लावाल, पाती आवळाल, आणि रॅकवरून, म्हणजे बार ठेवायच्या स्टँडवरून, बार उचलतानाच सगळं घालवाल. रॅकची खाच उंच असेल तर बार सोडवायला हात पूर्ण ताणून खांदेही वर काढावे लागतात. तिथंच पाती उघडली, सुपारी पडली. मग बार खाली येताना खांदा मोकळा असतो आणि सगळा भार त्याच्या पुढच्या बाजूला येतो. खाच एकानं खाली घ्या. कोपर थोडं वाकलेलं असताना बार हातात आला पाहिजे. जमलं तर मागं उभ्या असलेल्याला बार फक्त सोडवून द्यायला सांगा. झोपताना डोळे बारच्या खाली येतील असं झोपा, फार वर नको.

एक बारीक गोष्ट राहिली. रेक्झिनचा बाक आणि घामेजलेला नायलॉनचा बनियन, यात पाती कितीही आवळली तरी घसरतात. सुती टी-शर्ट घाला, पाठीला थोडी खडूची पूड लावा.

फिजिओ, नाशिक:

काकांशी सहमत. शिरोलीकर दादा, दोन गोष्टी माझ्या बाजूनं.

बार खाली येताना कोपरं धडापासून ९० अंशांत उघडत असतील तर पाती नीट असूनही खांद्याच्या पुढच्या भागावर ताण येतो. ४५ ते ७० अंशांच्या मध्ये कुठंतरी तुमची जागा सापडेल. बार गळ्याकडं न आणता छातीच्या खालच्या भागावर टेकवा. तिथून वर जाताना तो सरळ रेषेत जात नाही, खांद्यांच्या दिशेनं तिरका जातो. तसाच जाऊ द्या.

कंबरेबद्दल भीती बाळगू नका. बार खांद्यावर घेऊन बैठका मारताना वजन मणक्यातून खाली जातं, बेंचला ते हातातून पात्यांवर आणि तिथून बाकावर जातं. हलकी कमान निरोगी कंबरेला त्रास देत नाही. मात्र उभं राहून मागं वाकल्यावर कंबर दुखत असेल किंवा पायात मुंग्या येत असतील तर आधी तपासून घ्या. अशांना पाय वर घेऊन कमी वजनानं बेंच मारायला मीच सांगते, म्हणून तुमच्या ट्रेनरचा सल्ला अगदीच निराधार नाही, तो फक्त सगळ्यांसाठी नाही. रात्री डाव्या, म्हणजे दुखऱ्या खांद्याच्या कुशीवर झोपता येत नसेल किंवा हात डोक्यावर न्यायला अडत असेल तरी दाखवून घ्या.

पुण्याचा लिफ्टर:

मला हे पटत नाही. कमान केली की बारला अंतर कमी कापावं लागतं. मग छातीचा व्यायाम झाला कुठं? सपाट पाठीनं ५० मारणारा माझ्या लेखी जास्त ताकदवान.

तालीमवाले काका, सांगली:

अंतर कमी होतं हे खरं आहे, ते मी नाकारत नाही. लवचिक मुलामुलींची कमान इतकी व्हायची की बार जेमतेम हलायचा. म्हणूनच आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंग महासंघानं २०२३ पासून नियम आणला की कोपराची खालची बाजू खांद्याच्या सांध्याच्या वरच्या पातळीइतकी किंवा त्याखाली आलीच पाहिजे. कमानीवर मात्र बंदी नाही. डोकं, खांदे आणि नितंब बाकाला लागलेले, पावलं जमिनीवर सपाट, एवढं सांभाळायचं.

पण आपल्यापुढचा माणूस स्पर्धेला उतरत नाहीये. त्याच्या पाठीखालून तळहात जाईल एवढ्या कमानीनं बारचं अंतर दोन-तीन बोटांनी कमी होईल. त्या बदल्यात दुखरा खांदा सुरक्षित जागी बसतो. मी खांद्यापायी चाळिशीत बेंच सोडलेली माणसं पाहिलीत, जवळची माणसं. म्हणून एवढं लिहितोय.

शिरोलीकर:

तीन आठवड्यांनी लिहितोय, उशीर झाला. शिफ्ट बदलली होती.

काका, तुम्ही म्हणालात तेच निघालं. मित्राला बाजूनं मोबाइलवर व्हिडिओ काढायला लावला. झोपल्यावर पाती आवळलेली दिसतात, बार रॅकमधून निघाला की खांदे दोन बोटं वर येतात आणि मग ते खाली बसतच नाहीत. चौदा महिने प्रत्येक रेप तसाच मारलाय मी. खाच एकानं खाली घेतली आणि वजन ४० वर आणलं. पहिला आठवडा छातीपेक्षा पात्यांच्या मधलं मांसच दुखत होतं, तेव्हा कळलं की तिथं आजवर काही कामच होत नव्हतं. बाक उंच आहे, पायाखाली प्लेटा ठेवतो. कोपरंही आत घेतली, फिजिओ ताई, आभार. मागं वाकून बघितलं, कंबर दुखत नाही.

काल ६० चे सहा मारले. सहाव्यालाही टोचलं नाही. पोराला गाडीवर मागं हात करून धरलं, काही नाही.

एकच अडचण आहे. पाय मागं घेऊन जोर देताना चौथ्या-पाचव्या रेपला उजव्या पोटरीत गोळा येतो. पाय पुढं घ्यायचे का?

तालीमवाले काका, सांगली:

वीतभर पुढं घ्या आणि टाच दाबा. तुम्ही चवड्यावर जोर देताय. आणि ७० ला महिनाभर हात लावू नका, प्रत्येक आठवड्याला अडीच किलो पुरे.