खुब्याचे फ्रॅक्चर आणि रक्तातील वाढलेले कॅल्शियम

उतारवयात खुबा मोडला म्हणजे कॅल्शियम कमी पडले, गोळ्या सुरू कराव्यात, हे नेहमी ऐकू येणारे मत पॅराथायरॉइडच्या विकाराला लागू पडत नाही. थायरॉइडच्या मागे असलेल्या या चार लहान ग्रंथींपैकी एखादीवर गाठ होऊन तिचे संप्रेरक अति प्रमाणात स्रवू लागले, की हाडांतील कॅल्शियम रक्तात उतरत राहते. म्हणजे हाड ठिसूळ आणि रक्तातील कॅल्शियम मात्र वाढलेले, अशी उलटी स्थिती दिसते, आणि याच जादा कॅल्शियममुळे मूतखडाही होऊ शकतो.

उदगीरच्या माझ्या आत्याला खुबा मोडण्याच्या कितीतरी आधीपासून मूतखड्याचा त्रास होता, परंतु मूतखडा बोअरच्या जड पाण्याच्या खात्यावर टाकण्याची आपल्याकडे रीतच असल्याने (पाणी जड आहे, हेही खरेच) दोन्हींचा संबंध कोणी जोडला नाही. पुढे लातूरच्या एका डॉक्टरांनी कॅल्शियमसोबत पीटीएच (म्हणजे पॅराथायरॉइडचे संप्रेरक) तपासले, तेव्हा कारण सापडले. ड जीवनसत्त्व फार कमी असल्यास कॅल्शियमचा आकडा सामान्यही येऊ शकतो, म्हणून तिन्ही तपासण्या एकत्रच पाहाव्या लागतात. शिवाय हा विकार हाडाच्या टणक बाह्य थराला अधिक पोखरत असल्यामुळे हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा चाचणीत मणका व खुब्याबरोबर कोपर ते मनगट या भागातील हाडाचीही मोजणी करून घ्यावी. ती बहुधा आपण होऊन केली जात नाही.