अनुभव धागा: खासगी शाळा बंद कराव्यात का?

1984 साली मी पहिलीत गेलो तेव्हा अंबाजोगाईजवळच्या आमच्या गावात एकच शाळा होती, जिल्हा परिषदेची. माझ्या एका बाजूला डॉक्टरांचा मुलगा बसायचा, दुसऱ्या बाजूला आमच्याच सालगड्याचा. छप्पर गळलं की डॉक्टर स्वतः पंचायत समितीत जाऊन बसायचे. आज गावात रोज सकाळी तीन पिवळ्या बस येतात आणि शाळेचा पट 14 वर आलाय. छप्पर अजूनही गळतं, फक्त त्यासाठी भांडणारं कुणी उरलेलं नाही. परिसरातल्या सगळ्या मुलांसाठी एकच शाळा असावी, असं कोठारी आयोगाने 1966 मध्येच सांगितलं होतं. फी घेणाऱ्या शाळा टप्प्याटप्प्याने बंद व्हाव्यात, असं मला मनापासून वाटतं. तुम्ही काय पाहिलंत, काय सोसलंत, ते लिहा.

रिक्षाचालक, पुणे
थोरलीला आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, 25 टक्के राखीव जागांतून खासगी शाळेत प्रवेश मिळाला. फी माफ, पण बस, सहल, स्नेहसंमेलनाचा ड्रेस हे सगळं आमच्याच खिशातून. तरी पोरगी शिकली, ते नाकारणार नाही. धाकट्याच्या वेळी, फेब्रुवारी 2024 मध्ये, सरकारने नियमच बदलला : एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर विनाअनुदानित खासगी शाळेला या जागा द्यायची गरज नाही. मे महिन्यात उच्च न्यायालयाने स्थगिती दिली आणि 19 जुलैला तो बदल रद्द केला. तोवर शाळा सुरू होऊन महिना उलटला होता. रोज सकाळी पोरगं विचारायचं, "पप्पा, माझी शाळा कुठली?" आता थोरली आठवीत आहे. मोफत शिक्षण आठवीपर्यंतच. नववीची फी कुठून आणू, सांगा.

जि. प. शिक्षिका, नाशिक जिल्हा
आमची द्विशिक्षकी शाळा, पहिली ते चौथी. मतदारयादीचं काम आलं की एकीनेच चारही वर्ग सांभाळायचे. आणि माझा स्वतःचा मुलगा तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जातो. वर्गातल्या मुलांना मी जीव लावून शिकवते, पण ही गोष्ट मनातून जात नाही. बदलीच्या नोकरीत त्याची शाळा सारखी मोडायला नको, असं मी सगळ्यांना सांगते. खरं कारण तेवढंच नाही. दुसरी शाळा समोर होती, म्हणून मी ती निवडली. ती नसती, तर याच शाळेसाठी मी गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या दारात रोज उभी राहिले असते.

निवृत्त मुख्याध्यापक, सातारा
"खासगी" म्हणताना जरा जपून. कर्मवीरांनी 1919 साली काढलेली रयत शिक्षण संस्थाही सरकारी नव्हे. माझ्यासारखी कितीतरी पोरं अशा अनुदानित शाळेत जवळजवळ फुकट शिकली. बंद करायचा तो धंदा. सरसकट सगळ्या शाळांवर कुऱ्हाड चालवाल तर पहिला घाव आमच्यासारख्यांवर बसेल.

आई, एस्पो, फिनलंड
इथे 1970 च्या दशकात टप्प्याटप्प्याने सर्वांसाठी नऊ वर्षांची सामाईक शाळा आली आणि बहुतेक खासगी शाळा त्यातच सामावल्या गेल्या. आजही मोजक्या खासगी शाळा आहेत, पण त्या सरकारी पैशावर चालतात आणि मूलभूत शिक्षणाला सहसा फी घेता येत नाही. माझी मुलगी घराजवळच्या शाळेत चालत जाते. तिच्या वर्गात बसचालकाची मुलगी आहे, कंपनीतल्या साहेबाचा मुलगाही आहे. दुपारचं गरम जेवण सगळ्यांना सारखं, फुकट. पुण्यात नर्सरीच्या प्रवेशासाठी माझी मुलाखत झाली होती. मुलीची नाही, माझी! इथे पहिल्या दिवशी बाईंनी मला विचारलं ते एवढंच, "तिला कशाची भीती वाटते?"

धागाकर्ता
सातारच्या सरांचं म्हणणं पटलं, माझ्या मागणीतून अनुदानित शाळा वगळतो. नाशिकच्या ताई, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. माझीही मुलगी त्या पिवळ्या बसनेच जाते. येत्या जूनला दुसरीत तिचं नाव गावच्या शाळेत घालायचं, असं काल रात्री घरात बोललो. बायको अजून तयार नाही.